ट्रेमधलं बी उगवलं नाही? फेकू नका, आधी उकरून बघा



परसबागेसाठी, नाहीतर रोपं विकण्यासाठी आपण मिरची, टोमॅटो, वांग्याचं बी ट्रेमध्ये टाकतो. काही जणींनी तर त्यासाठी गटातून कर्ज घेतलेलं असतं. आठ-दहा दिवस होतात आणि निम्मे कप्पे रिकामेच दिसतात. मग घरात बोलणी सुरू होतात, "हिचा हातच चांगला नाही," "पाळीत हात लावला असेल."

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बी कुणाचा हात ओळखत नाही, पाळी तर नाहीच नाही. त्याला ओलावा, ऊब आणि हवा लागते. यातलं काय चुकलं, एवढंच शोधायचं.

आधी दिवस मोजा

टोमॅटो ५ ते ८ दिवसांत उगवतो, वांगं ७ ते १० दिवसांत. मिरचीला मात्र ८ ते १४ दिवस लागतात. म्हणजे आठव्या दिवशी मिरचीचा ट्रे रिकामा दिसला, तर घाबरायचं कारण नाही.

मग चार-पाच कप्पे उकरा

*बी जसंच्या तसं, कोरडं आहे:* पाणी पोचलंच नाही. कोकोपीट वरून ओलं दिसतं, आत कोरडं राहतं. ते आधी नीट भिजवा. मूठ दाबली की दोन-चार थेंब पडावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं. कारलं, दोडक्याचं बी जाड सालीचं असतं, ते रात्रभर भिजवून लावा.

*बी फुगून मऊ पडलंय, वास येतोय:* पाणी जास्त झालं, बी कुजलं. ट्रेच्या खालची भोकं मोकळी आहेत का ते बघा. नुसती काळी माती भरली असेल तरी असंच होतं, ती चिकट होते आणि हवा जात नाही.

*कोंब फुटला, पण वर आला नाही:* बी खोल गेलं. मिरची, टोमॅटो, वांग्याला अर्धा सेंटीमीटर पुरे. किंवा उन्हाने कोंब करपला. आपल्या पैठणला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि मिरची-टोमॅटोच्या बियाला २५ ते ३० अंश मानवतं. पत्र्याखाली ट्रे ठेवू नका, लिंबाखाली किंवा शेडनेटमध्ये ठेवा. बोअरचं पाणी खारं असेल तरी कोंब जळतो. अशा वेळी गोडं पाणी वापरा आणि कोकोपीट एकदा धुऊन घ्या.

*बी सापडतच नाही:* मुंग्यांनी नेलं. ट्रे विटांवर ठेवा आणि खाली राखेची रेघ ओढा.

बियाचा दोष की आपला?

पेरण्याआधीच २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. फडकं सुकू देऊ नका. १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के. फडक्यात उगवलं आणि ट्रेत नाही, तर चूक ट्रेत आहे. फडक्यातही नाही, तर बियात. रंग लावलेल्या बियाला औषध असतं. हातात पिशवी घालूनच हाताळा, लेकरांपासून लांब ठेवा.

कायद्याने मिरचीची उगवण किमान ६० टक्के आणि टोमॅटो-वांग्याची ७० टक्के असावी लागते. म्हणजे ९८ कप्प्यांच्या ट्रेतून मिरचीची ५९ रोपं आली, तरी बी नियमात बसतं. म्हणून २०० रोपांची ऑर्डर घेताना साडेतीनशे बिया धरा. कमी धराल, तर गिऱ्हाईकाला दिलेला शब्द मोडेल.

पाकीट फाडून टाकू नका

पाकिटावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणीचा टक्का छापलेला असतो. घेतानाच तारीख वाचा, पक्की पावती मागा, थोडं बी शिल्लक ठेवा. बीच खराब निघालं, तर पावती आणि पाकीट घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. पाहणी होईपर्यंत ट्रे रिकामा करू नका. एकटीने जाण्यापेक्षा गटातल्या चौघी मिळून जा. सल्ला हवा असेल, तर छत्रपती संभाजीनगरला पैठण रोडवर कृषी विज्ञान केंद्र आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं फडकं घेऊन यावं. कुणाच्या वीसपैकी किती उगवल्या ते मोजू, आणि मगच ट्रे भरू.