द्राक्षाच्या चोथ्यातला 'कसदिंद रस'

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी गेली वीस वर्षे फेलिंगच्या द्रावणाचा प्रयोग घेतो. निळ्या द्रावणात ग्लुकोज घालून तापवले की तळाशी विटकरी साका बसतो. मुले वहीत निष्कर्ष लिहितात आणि घरी जातात. गेल्या सत्रात मात्र अथणीकडचा एक विद्यार्थी मागे थांबला. बाटलीवरचे 'रोशेल सॉल्ट' हे नाव दाखवून म्हणाला, "सर, हे कशापासून करतात?" मी घाईत होतो. "केमिकलच्या दुकानात मिळतं," असे सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. त्याच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. माल जातो त्या वायनरीतून त्यांनी हंगामात दोन ट्रॉली चोथा फुकट आणला आणि खत म्हणून कच्चाच रानात पसरला. पाठोपाठ पेरलेला मका त्या पट्ट्यात नीट उगवलाच नाही. रोशेल सॉल्टचे मूळ द्राक्षात आहे, एवढे मुलाने कुठेतरी वाचले होते. "मग आमच्या चोथ्यात नेमकं आहे तरी काय, सर?" उत्तर मला ठाऊक होते. ते वर्गात सांगावे असे वीस वर्षांत सुचले नव्हते, याची लाज वाटली.

वाचकहो, ही गोष्ट सुरू होते वाइनच्या पिंपात. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते. रस आंबून त्यात अल्कोहोल तयार झाले आणि वाइन थंड झाली, की या आम्लाचा पोटॅशियमबरोबरचा क्षार विरघळेनासा होतो. मग पिंपाच्या आतल्या अंगाला खडीसाखरेसारखी खपली धरते. जर्मन भाषेत तिला 'वाइनचा दगड' असेच म्हणतात. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या एका औषधविक्रेत्याने या खपलीपासून पोट साफ करणारा क्षार बनवला. तेच आमच्या बाटलीतले रोशेल सॉल्ट.

पुढे १७६९ मध्ये स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने खपलीतून आम्ल वेगळे काढले. चुन्याच्या साहाय्याने त्याचा क्षार खाली बसवायचा आणि त्या साक्यावर सल्फ्युरिक आम्ल घालायचे. जिप्सम तळाशी राहते, टार्टारिक आम्ल पाण्यात उतरते. वाइनच्या गाळापासून आम्ल काढणाऱ्या कारखान्यांत आजही मूळ रीत हीच. १८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने या आम्लाच्या एका जुळ्या भावाच्या क्षाराचे स्फटिक एकेक वेचून दोन ढीग केले. एका ढिगातले स्फटिक दुसऱ्यातल्यांचे आरशातले प्रतिबिंब होते, डाव्या-उजव्या हातांसारखे. औषधाचा रेणू 'डावा' की 'उजवा', याला आज औषधनिर्मितीत फार महत्त्व आहे. त्या विद्येचा पाया वाइनच्या पिंपातल्या या खपलीवर उभा आहे.

हे आम्ल आपल्या घराला परके नाही. मराठीत चिंच म्हणा की कन्नडमध्ये हुणसे हण्णु, तिचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. आई देवाचा तांब्या चिंचेने घासते तेव्हा तांब्यावरचा काळा थर आम्लात सुटून येतो. फेलिंगच्या द्रावणातही टार्टरेट तांब्याला धरून ठेवते, खाली बसू देत नाही. आई मोरीवर करते आणि मी प्रयोगशाळेत शिकवतो, ते रसायन एकाच घराण्यातले!

आता चोथ्याकडे वळू. एक टन द्राक्षामागे साधारण २०० ते २५० किलो चोथा उरतो. त्यात साली, बिया आणि थोडे देठ. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये हा चोथा आणि पिंपातला गाळ मोठ्या प्रमाणावर डिस्टिलरीकडे जातो. आधी उरलेले अल्कोहोल काढतात. मग गरम पाण्याने टार्टरेट धुऊन घेतात. बिया चाळून, वाळवून तेल काढतात. काळ्या द्राक्षाच्या सालींतून खाद्यपदार्थांसाठी रंग मिळतो, बियांतून टॅनिन. शेवटी जे उरते त्याचे खत होते किंवा ते बॉयलरमध्ये जळते. टार्टारिक आम्ल पुढे खाद्यपदार्थांत, औषधांत, अगदी प्लास्टर सावकाश घट्ट व्हावे म्हणूनही वापरतात.

आपल्या ऊसपट्ट्याला हा हिशेब समजावून सांगायला नको. मळीपासून अल्कोहोल आणि चिपाडापासून वीज आपण करतोच. फरक एवढाच, की साखर कारखान्याकडे हजारो टन ऊस एका जागी येतो. द्राक्षाच्या वायनऱ्या विखुरलेल्या, हंगाम थोड्या आठवड्यांचा आणि ओला चोथा काही दिवसांत बुरसणारा. ओला माल वाहून नेणे म्हणजे भाडे भरून पाणी वाहणे. शिवाय खनिज तेलापासून बनवलेल्या टार्टारिक आम्लाशीही बाजारात स्पर्धा असते. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये वाइनसाठी धोरण आणले. जशा वायनऱ्या वाढतात तसे चोथ्याचे ढीगही वाढतात. तो एकत्र गोळा करण्याची सोय झाली, तरच ही रसायने हाती लागतील. नाही तर तो ओढ्याकाठी कुजेल आणि पाणी नासवेल.

एका रविवारी मी त्या विद्यार्थ्याच्या शेतावर गेलो. वडिलांना सांगितले, "चोथा कच्चा घालू नका. त्यातलं आम्ल आणि टॅनिन कोवळ्या कोंबाला बाधतं. शेण आणि पालापाचोळा मिसळून ढीग लावा, ओल ठेवा, अधूनमधून उलथा. काही महिन्यांनी आंबूस वास गेला आणि माती-माती झाली, की मग रानात टाका." आम्ल काढण्याचा उद्योग घरी करू नये, हेही बजावले, सल्फ्युरिक आम्लाशी खेळ नको.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कसदिंद रस निघतो सर, पण एकट्याच्यानं नाही." माझ्या व्याख्यानाचे सार त्यांनी एका ओळीत सांगितले.

निघताना त्यांनी ढिगाची जागा दाखवली, विहिरीपासून लांब, बांधाच्या सावलीत. आणि यंदा फेलिंगच्या प्रयोगाला मी आधी ती बाटली हातात घेतली आणि वर्गालाच विचारले, "मुलांनो, हे कशापासून करतात?"