जावा लायब्ररी व विकसन साधने

जावा या संगणकीय भाषेत आज्ञावली लिहिताना वारंवार लागणारी कामे करणाऱ्या, आधीच लिहून व तपासून ठेवलेल्या वर्गांच्या संचास लायब्ररी म्हणतात. आज्ञावली लिहिणे, तिचे संकलन करणे, ती तपासणे व तिचे भाग एकत्र बांधणे यांसाठी वापरावयाच्या स्वतंत्र आज्ञावल्यांना विकसन साधने असे म्हणतात. एकाच कामासाठी अनेक लायब्ररी उपलब्ध असतात. त्यामुळे लायब्ररी मिळविण्यापेक्षा तिची योग्य निवड करणे अधिक अवघड ठरते.

इतिहास : जावा भाषा जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत विकसित केली. ती 1995 मध्ये जाहीर झाली व 1996 मध्ये तिचा पहिला विकसन संच प्रसिद्ध झाला. 2010 मध्ये ही कंपनी ऑरॅकलने घेतली. प्रारंभी लायब्ररीच्या फाइली हाताने उतरवून घेऊन जोडाव्या लागत. 2000 च्या सुमारास अँट हे बांधणी-साधन प्रचारात आले. मेव्हनची पहिली पूर्ण आवृत्ती 2004 मध्ये निघाली. या साधनामुळे लायब्ररीचा गट, नाव व आवृत्ती या तीन गोष्टी नोंदविल्या की, ती मध्यवर्ती भांडारातून आपोआप आणता येऊ लागली. ग्रेडल हे नंतरचे साधनही याच भांडाराचा उपयोग करते. लेखन व दोषशोधन यांसाठी एक्लिप्स, नेटबीन्स व इंटेलिजे आयडिया, तर चाचणीसाठी केंट बेक व एरिक गॅमा यांनी सुरू केलेले जेयुनिट ही साधने रूढ आहेत.

गरजेनुसार निवड : निवडीची रीत एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. भात हे येथील मुख्य पीक आहे. धान खरेदी केंद्रावरील शेतकऱ्यांची नावे, गावे, वजने व रकमा मराठीत नोंदविणारी आज्ञावली जावामध्ये लिहावयाची आहे, असे समजू.

पहिली गरज म्हणजे देवनागरी मजकूर शुद्ध स्वरूपात वाचणे. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत फाइलची संकेतपद्धती संगणकाच्या कार्यकारी प्रणालीवरून ठरत असे. त्यामुळे एका संगणकावर नीट दिसणारी नावे दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांत बदलत. 2022 मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 ही पद्धती गृहीत धरली जाते. जुन्या आवृत्तीत ती स्पष्टपणे नमूद केली की पुरते. यासाठी बाहेरची लायब्ररी लागत नाही. देवनागरी अंकांतील पूर्णांकाचे संख्येत रूपांतर करण्याची सोयही जावामध्ये आहे. दिनांकांसाठी पूर्वी जोडा-टाइम ही लायब्ररी वापरीत. तिच्या अनुभवावर आधारलेली सोय 2014 मध्ये आठव्या आवृत्तीत जावामध्येच समाविष्ट झाली. म्हणून जावाबरोबर येणाऱ्या वर्गांची माहिती प्रथम पाहणे हा निवडीचा पहिला नियम होय.

दुसरी गरज रकमा लाख-कोटींच्या रीतीने छापण्याची आहे. जावामधील ‘डेसिमलफॉरमॅट’ हा वर्ग अंकांच्या गटांचे एकच अंतर पाळतो. त्यामुळे 12,34,567 ही रक्कम तो 1,234,567 अशी लिहितो. मूळ संख्या बदलत नाही. परंतु पावती वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. येथे आयसीयू4जे ही लायब्ररी उपयोगी पडते. तिचा उगम टॅलिजंट व आयबीएम या कंपन्यांतील कार्यात असून 2016 पासून ती युनिकोड संघाच्या आश्रयाखाली आहे.

तिसरी गरज नावांच्या वर्णक्रमाची आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. केवळ क्रमांकांवरून यादी लावल्यास ‘काळे’ हे नाव ‘कावळे’ या नावाच्या आधी येते. आयसीयू4जेच्या मराठी क्रमात ‘ह’नंतर ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ असा क्रम आहे. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे म्हणून अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांखाली घ्यावयाची असल्यास तसा नियम वेगळा द्यावा लागतो. तो निर्णय यादी वापरणाऱ्यांनी करावयाचा असतो. लायब्ररी तो करू शकत नाही.

पडताळणी : निवडलेली लायब्ररी आपल्याच सामग्रीवर तपासणे आवश्यक असते. अर्जुनी मोरगाव, आमगाव, गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, देवरी, सडक अर्जुनी व सालेकसा या जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे क्रमांकांनुसार व मराठी वर्णक्रमानुसार लावली, तरी एकच यादी मिळते. म्हणजे एवढ्याच नावांवर चाचणी घेतल्यास वर्णक्रमाचा दोष उघड होणार नाही. चाचणीसाठी ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ असलेली नावे, जोडाक्षरे व लाखांवरील रकमा मुद्दाम घ्याव्या लागतात. जेयुनिटमध्ये अशा चाचण्या एकदा लिहून ठेवल्या की, लायब्ररीची आवृत्ती बदलताना त्या पुन्हा चालविता येतात.

परवाना व सुरक्षितता : लायब्ररीचा परवानाही वाचावा लागतो. पीडीएफ दस्तऐवज तयार करणारी आयटेक्स्ट ही लायब्ररी 2009 मधील पाचव्या आवृत्तीपासून अधिक कडक मुक्त परवान्याखाली आहे. ज्यांना आपली आज्ञावली खुली करावयाची नाही, त्यांना तिचा व्यापारी परवाना घ्यावा लागतो. अपाची पीडीएफबॉक्सला अशी अट नाही. एक लायब्ररी घेतली की, ती ज्यांवर अवलंबून असते अशा इतर लायब्ररीही आज्ञावलीत येतात. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष उघडकीस आला. नोंदीसाठी आलेल्या विशिष्ट मजकुरामुळे परक्या व्यक्तीस दूरच्या संगणकावर आपली आज्ञावली चालविता येत होती. आपल्या आज्ञावलीत ही लायब्ररी आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. कारण ती दुसऱ्या लायब्ररीमार्फत आली होती. मेव्हनमध्ये अशा अवलंबनांचा संपूर्ण वृक्ष पाहता येतो आणि ज्ञात दोषांच्या सूचीशी तो ताडून पाहणारी साधनेही उपलब्ध आहेत.

सारांश, उपयुक्त लायब्ररी तिच्या प्रसिद्धीवरून ओळखता येत नाही. गरज नेमकी मांडणे, जावामधील सोय आधी पाहणे, परवाना व अवलंबने तपासणे आणि आपल्या भाषेतील सामग्रीवर चाचणी घेणे, या क्रमाने केलेली निवड विश्वसनीय ठरते.