परदेशातून आपलं बँक खातं सांभाळताना

आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच घरांना लागू पडणारा आहे. घरातलं कुणीतरी बाहेर असतं. दुबईला, लंडनला, न्यू जर्सीला किंवा सिडनीला. त्याचं एक खातं मात्र इथं, सांगलीच्या नाहीतर पुण्याच्या शाखेत चालू असतं. त्यात भाडं जमा होतं, ठेवी असतात, आईवडिलांचा औषधपाण्याचा खर्च त्यातून जातो. खातेदार हजारो मैलांवर, खातं इथं, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे मोबाइलवर येणारा सहा आकड्यांचा ओटीपी. हा धागा कुठं कच्चा असतो आणि तो पक्का कसा करायचा, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

एक उदाहरण

सुरुवात एका उदाहरणानं करू. अशा प्रकारची प्रकरणं आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की हे कुणा एकाचं म्हणून सांगत नाही. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. जाताना इथलं सिमकार्ड त्यानं वडिलांच्या फोनमध्ये घालून दिलं. कारण साधं होतं, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स वडीलच भरतात. नेटबँकिंगचा पासवर्डही वडिलांकडे. घरातलाच माणूस, त्यात लपवायचं काय?

एक दिवस वडिलांच्या व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली. नंबर ओळखीचा नव्हता, पण लग्नसराईचे दिवस, असेल कुणीतरी म्हणून त्यांनी ती उघडली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती. म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल. त्या अॅपनं दोन परवानग्या मागितल्या. एक एसएमएस वाचण्याची, दुसरी स्क्रीनवर काय चाललंय ते पाहण्याची. वडिलांनी दोन्हींना होकार दिला. पुढच्या बिलासाठी त्यांनी त्याच फोनवरून लॉगिन केलं तेव्हा पासवर्ड टिपला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता चोरानं लॉगिन केलं, ठेव ऑनलाइन मोडली आणि पैसे चार वेगवेगळ्या खात्यांत पाठवले. ओटीपी येत होते, ते अॅप चोराकडे ढकलत होतं.

आपल्याकडे सकाळचे अकरा, तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्याच्या वेळेनुसार रात्रीचा दीड. मुलगा झोपेत. सकाळी सात वाजता त्यानं ईमेल पाहिले तेव्हा इथं दुपारचे साडेचार झाले होते. मधल्या साडेपाच तासांत पैसे कुठल्या कुठं गेले.

आता विचार करा, इथं बँकेचं कुलूप फुटलं का? नाही. चोराकडे खरा पासवर्ड आणि खरा ओटीपी होता. बँकेच्या यंत्रणेच्या दृष्टीनं खातेदारच आला होता.

दार फुटणं आणि किल्ली जाणं

हा फरक नीट समजून घेऊ, कारण पुढचा कायदा यावरच उभा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले. तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागलेला नाही, असं बँकेनं तेव्हा जाहीर केलं. ही झाली दार फुटण्याची गोष्ट. वर सांगितलेलं उदाहरण किल्ली जाण्याचं आहे.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं यासाठी चौकट घालून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी यंत्रणेत घुसून केलं, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साधारण बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार ग्राहकावर. त्यानंतर मात्र बँकेचं जे धोरण असेल ते. ग्राहकानं कळवल्यावर दहा कामकाजी दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, असंही त्यात आहे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे.

पण याच परिपत्रकात एक कलम आहे, आणि परदेशी राहणाऱ्यांनी ते पाठच करावं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, उदाहरणार्थ त्यानं आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. इथं 'दुसऱ्याला' म्हणजे चोरालाच, असं नाही. वडिलांना दिलेला पासवर्डही दिलेलाच. आपल्या दृष्टीनं तो विश्वास असतो, कागदावर तो निष्काळजीपणा ठरू शकतो.

आणखी एक गैरसमज आहे. "आम्ही अमेरिकेत राहतो, इथले कायदे कडक आहेत," असं काहीजण म्हणतात. अमेरिकेत अनधिकृत व्यवहार कळल्यापासून दोन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकाचा भार ५० डॉलरपर्यंतच राहतो, हे खरं. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीनं स्वतःच्या हातानं पाठवलेले पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत परत करण्याचं बंधन तिथल्या बँकांवर आहे. पण ते तिथल्या खात्यांतल्या, तिथल्या व्यवहारांना. सांगलीतल्या खात्याला भारताचाच नियम लागतो, तुम्ही कुठंही राहा. संरक्षण माणसाच्या पत्त्यावरून ठरत नाही, खातं कुठं आहे यावरून ठरतं.

मग घरच्यांनी बिलं भरायची कशी?

रास्त प्रश्न आहे, आणि त्याला सरळ उत्तर आहे. परदेशी स्थायिक झाल्यावर आपलं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. परदेशातली कमाई इथं आणायची असेल तर एनआरई खातं उघडता येतं. या दोन्ही खात्यांवर तुम्ही भारतातल्या माणसाला मुखत्यारपत्र देऊ शकता. त्यानं वडिलांना स्थानिक खर्च रीतसर भागवता येतो. त्यांच्या अधिकाराला मर्यादाही आहे: मुखत्याराला तुमच्या वतीनं नवं खातं उघडता येत नाही, एनआरई खात्यातून कुणाला भेट म्हणून रक्कम देता येत नाही, परदेशी पैसे पाठवायचे तर ते फक्त खातेदारालाच.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे घरखर्चाचं खातं वेगळं ठेवणं. वडिलांच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्यावी. बिलं तिथून भरली जातील. उद्या त्या फोनवर काही संकट आलं तर महिन्याचा खर्च जाईल, आयुष्याची ठेव जाणार नाही.

नंबर कुणाच्या हातात आहे?

दुसरी गोष्ट, तो मोबाइल नंबर. ओटीपी ज्याच्या हातात त्याचं खातं, असंच समजा. इथलं सिम न्यायचं असेल तर दोन सिमच्या फोनमध्ये किंवा ई-सिम करून बरोबर न्या, रोमिंग जाण्याआधीच चालू करून घ्या. रिचार्ज विसरू नका. ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते, आणि काही काळानं तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणजे तुमचे बँकेचे एसएमएस एका अनोळखी माणसाकडे. बऱ्याच बँका अनिवासी ग्राहकांचा परदेशी नंबर नोंदवून घेतात, ओटीपी ईमेलवरही देतात. तुमची बँक देत असेल तर तेच करा. यूपीआयसुद्धा अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया अशा देशांतल्या नंबरवर एनआरई आणि एनआरओ खात्यांसाठी खुलं झालं आहे. तशी परवानगी २०२३ मध्ये मिळाली.

फोनवरचं नेटवर्क अचानक गेलं आणि बराच वेळ आलं नाही, तर "इथं रेंज नसेल" म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या नावानं दुसरं सिम काढलं गेल्याची ती खूण असू शकते. लगेच कंपनीला आणि बँकेला विचारा.

तीन सवयी

पहिली सवय पत्त्याची. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. समोर बँक आहे की चोर, हे ते सांगत नाही. चोराच्या साइटलाही कुलूप असतं. म्हणून रिझर्व्ह बँकेनं भारतीय बँकांना 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्याची मुदत होती. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं. संदेशातल्या लिंकवरून कधीच जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा, शेवट तपासा.

दुसरी सवय मर्यादेची. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार हे ग्राहकाला हवे तेव्हा चालू-बंद करता यावेत, मर्यादा ठरवता यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये बँकांना सांगितलं. नेटबँकिंगलाही रोजची मर्यादा बहुतेक ठिकाणी कमी करता येते. तुम्ही वर्षात दोनदा मोठी रक्कम हलवता, मग वर्षभर दार सताड उघडं कशाला?

तिसरी सवय फोन ठेवून देण्याची. "केवायसी संपलंय", "तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले", "भारतीय दूतावासातून बोलतोय, पासपोर्टमध्ये चूक आहे, दंड भरा" असे फोन परदेशातल्या भारतीयांना येतात. स्क्रीनवर दूतावासाचा खरा नंबरही दिसू शकतो, कारण दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. भारतीय दूतावासांनी याबद्दल वेळोवेळी सावध केलं आहे. दूतावास फोनवर पैसे मागत नाही. आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. समोरचा घाई करतोय आणि घरच्यांना सांगू नका म्हणतोय, एवढं पुरे. फोन ठेवा.

घडलंच तर

पहिला फोन बँकेला. परदेशातून लागणारा बँकेचा नंबर आजच कागदावर लिहून ठेवा. त्या क्षणी गूगलवर शोधू नका, तिथं खोटे हेल्पलाइन नंबर असतात. तक्रार क्रमांक घ्या, ईमेलही करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. दुसरं, इथल्या नातेवाइकाला उठवा आणि १९३० वर फोन करायला सांगा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार लवकर गेली तर पुढच्या खात्यांत पोचलेले पैसे गोठवता येतात. परदेशी फोनवरून तो लागेलच, असं धरून चालू नका. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*विमानतळाच्या वायफायवरून बँकिंग करावं का?*
टाळता आलं तर टाळा, मोबाइलचा डेटा वापरा. पण खरं सांगायचं तर वायफायपेक्षा खोट्या लिंका आणि खोटी अॅप्स यांनीच जास्त घात होतो. व्हीपीएन घेतलं म्हणून खोट्या साइटवर भरलेला पासवर्ड वाचत नाही.

*ओटीपीच बंद होणार असं ऐकलं?*
बंद नाही. दोन टप्प्यांची पडताळणी राहणारच. एसएमएसशिवाय दुसरे मार्गही वापरता यावेत, असे नियम रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये काढले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. तुमची बँक अॅपमधूनच मंजुरी देत असेल तर परदेशात ते सोयीचं पडेल. फक्त तो फोन तुमच्याच हातात हवा.

*वडिलांना पासवर्ड परत मागितला तर त्यांना वाईट वाटेल.*
वाटेल, थोडंसं. पण आमच्या पाहण्यात पैसे गेल्यापेक्षा जास्त त्रास या गोष्टीचा झाला आहे, की आपल्यामुळे मुलाचे पैसे गेले हे ओझं म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर बसतं. ते महिनोन्महिने फोन हातात घ्यायला घाबरतात. तेव्हा असं सांगा, "बाबा, पासवर्ड बदलतोय. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, उद्या काही झालं तर बोट तुमच्याकडे दाखवलं जाऊ नये म्हणून." या रविवारी घरी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा एवढं एक काम उरकून टाका.