पोटदुखी आणि एरंडेल
पोटात कळ आली की आपण ‘वात धरला’ म्हणून एरंडेल शोधतो. साध्या अपचनाला एक लंघन पुरे. पण बेंबीपाशी उठलेली कळ काही तासांनी उजवीकडे खाली ठाण मांडून बसली, अन्नावरची वासना उडाली, ओकारी व ताप आला, तर अपेंडिक्सला सूज आली असावी. तेव्हा रेचक घातक; अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरण्याचे भय असते. पोट चाचपून, रक्त तपासून, सोनोग्राफीने डॉक्टर निदान करतात. उपाय बहुधा शस्त्रक्रियाच. १९३६ साली सेवाग्रामी वस्तीस आलेल्या गांधीजींवर ती १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससूनमध्ये झाली होती. निसर्गोपचाराच्या या कैवाऱ्यानेही वेळेला शस्त्र नाकारले नाही. आपणही घरी रात्र काढू नये. कस्तुरबा रुग्णालय सेवाग्रामलाच आहे.