कबड्डीला चित्र का नाही?

मोबाइल फोनवरच्या छोट्या चित्रांनी आपल्या गावाचे नाव लिहा, असे आम्ही घोडबंदरच्या काही मुलांना सांगितले. बहुतेकांनी घोडा आणि होडी अशी दोन चित्रे निवडली. खाडीकाठच्या या गावी पूर्वी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. तेव्हा उत्तर बरोबर होते. घरी हिंदी बोलणाऱ्या एका मुलाने मात्र घोडा आणि माकड ही जोडी निवडली. त्याच्या भाषेत ‘बंदर’ म्हणजे माकड! त्याला तरी चूक कसे म्हणावे?

मग आम्ही विचारले, ‘संध्याकाळी कोणते खेळ खेळता, ते चित्रांनी सांगा.’ क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन, पतंग ही चित्रे लगेच सापडली. कबड्डी आणि खो-खो काही सापडेनात. एका मुलीने कुस्तीचे चित्र पुढे केले आणि लगेच मागे घेतले. तिने विचारले, “कबड्डीला चित्र का नाही? आणि हवं असेल तर कुणाला सांगायचं?” या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याजोगी आहेत.

चित्र नव्हे, क्रमांक

या चित्रांना इमोजी म्हणतात. शब्द जपानी आहे : ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. १९९९ मध्ये जपानमधील एका दूरध्वनी कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी असा १७६ चित्रांचा संच तयार केला. प्रत्येक चित्र आडवे १२ आणि उभे १२ ठिपके एवढ्यात बसवलेले होते.

आपण एखाद्याला इमोजी पाठवतो तेव्हा बहुधा चित्र जातच नाही. जातो तो एक क्रमांक. समोरचा फोन तो क्रमांक वाचतो आणि आपल्याजवळचे चित्र दाखवतो. अक्षरांचेही असेच असते. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘घ’चा २३२८ आणि क्रिकेटच्या बॅट-चेंडूचा १,२७,९५१. हे क्रमांक जगभर एकच असावेत म्हणून युनिकोड ही व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरी होती.

ज्यांनी पूर्वी संगणकावर मराठी टंकलेखन केले आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. प्रत्येक फॉन्टचे क्रमांक निराळे असत. एका यंत्रावर केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसे. हुतूतूचेही एके काळी असेच होते. गावोगाव नियम वेगळे असल्यामुळे दोन गावांचे संघ समोरासमोर आले की आधी वाद होई. सर्वांचे नियम एक झाले आणि मगच खेळ गावाबाहेर पडला. १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोचला, २०१४ पासून व्यावसायिक लीगमुळे घरोघरी दूरदर्शन संचावर दिसू लागला.

यादीत नाव कसे येते?

युनिकोडची यादी पूर्ण झालेली नाही. मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला त्यात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले व त्याच वर्षी ते यादीत आले. क्रिकेटचे इमोजी २०१५ चे, पतंगाचे २०१९ चे.

नव्या इमोजीसाठी कोणीही प्रस्ताव पाठवू शकतो. त्यासाठी पदवी लागत नाही की सरकारी शिक्का लागत नाही. डोक्याला रुमाल बांधलेल्या स्त्रीचे इमोजी हवे, असा प्रस्ताव २०१६ मध्ये रयूफ अल्हुमेधी या १५ वर्षांच्या सौदी मुलीने मांडला. पुढच्याच वर्षी ते चित्र यादीत आले.

मात्र हजारो सह्यांचे निवेदन येथे पुरावा म्हणून चालत नाही. सह्या गोळा करणे सोपे असते. त्यावरून लोक ते चित्र पुढे रोज वापरतील असे ठरत नाही. त्याऐवजी तो शब्द लोक इंटरनेटवर किती शोधतात, याचे आकडे मागितले जातात आणि तुलनेसाठी ‘हत्ती’ या इंग्रजी शब्दाचे आकडे जोडावे लागतात. शिवाय चित्र इतरांहून वेगळे ओळखू यावे, आधीच्या चित्रांनी काम भागत नसावे, आणि ते एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह, देवता किंवा विशिष्ट व्यक्ती नसावे, अशा अटी आहेत. नमुन्याचे चित्र ७२ × ७२ आणि १८ × १८ ठिपके अशा दोन आकारांत द्यावे लागते.

अडचण कोठे आहे?

उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या लॅक्रॉस या खेळासाठी तेथील चाहत्यांनी मोहीम केली आणि २०१८ मध्ये त्याला इमोजी मिळाले. आपल्याकडे या खेळाचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. पण त्याच्याजवळ जाळीची काठी आहे. ती काढली की झाले. बर्फावरच्या कर्लिंगजवळ मुठीचा दगड आहे. क्रिकेटजवळ बॅट आहे.

कबड्डीजवळ काय आहे? १३ मीटर लांब व १० मीटर रुंद मैदान, दोन बाजूंना सात-सात खेळाडू आणि एका चढाईला ३० सेकंद. वस्तू एकही नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाही खेळता यावे, हे या खेळाचे मोठेपण. चित्राच्या बाबतीत मात्र तेच आड येते.

१८ × १८ म्हणजे एकूण ३२४ ठिपके. त्यात एकटा चढाईपटू पाय लांबवून दाखवला तर तो तलवारबाज वाटतो. घोटा धरलेला बचावपटू जोडला तर कुस्ती होते. हात धरलेली साखळी काढावी तर एकेका माणसाच्या वाट्याला इतके थोडे ठिपके येतात की माणूसच ओळखू येत नाही. आणि या खेळाची खरी खूण म्हणजे एका दमात चाललेला ‘कबड्डी, कबड्डी’चा घोष. तो ठिपक्यांत कसा दाखवणार? खो-खोत निदान दोन खांब आहेत आणि आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ खेळाडू आहेत. पण आठ माणसे ३२४ ठिपक्यांत बसवायची कशी?

दुसरी अडचण शोधाच्या आकड्यांची. हाच खेळ कोठे हुतूतू, कोठे चेडुगुडु, तर कोठे हाडुडु. शिवाय प्रत्येक नाव त्या त्या लिपीत. एकाच खेळाचे आकडे असे अनेक वाटांनी विखुरतात. आणि ज्या मैदानावर मुले नुसती खेळतात, तेथे कोणी काही शोधत नाही. मोजमापाचे कोणतेही साधन निवडले की काही गोष्टी त्यातून निसटतात, हे विज्ञानाच्या तासाला आपण सांगतोच. त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

वर्गात करून पाहा

मुलांना आलेखाच्या कागदावर १८ × १८ चौकोन आखून द्या. चौकोन पूर्ण रंगवायचा किंवा कोरा सोडायचा, एवढाच नियम. प्रत्येक गटाने कबड्डीचे एक चित्र करावे. मग ती चित्रे दुसऱ्या वर्गात न्या आणि कोणतेही पर्याय न देता विचारा : हा कोणता खेळ? किती जणांनी कबड्डी म्हटले, किती जणांनी कुस्ती, याचा तक्ता करा व टक्केवारी काढा. ज्या चित्राने कमी फसवले ते घ्या, सुधारा, पुन्हा तपासा. नमुना, चाचणी, चूक, दुरुस्ती ही शास्त्रीय पद्धत येथे फळ्यावर न लिहिताच शिकवून होते.

चांगले चित्र सापडले तर प्रस्तावाचाही विचार करावा. अलीकडच्या वर्षांत प्रस्ताव साधारणपणे एप्रिल ते जुलै या काळात घेतले जातात. तो मंजूर होईलच असे नाही, आणि झाला तरी चित्र फोनवर यायला एक-दोन वर्षे लागतात. पण जगाच्या यादीत काय असावे हे ठरवणारी माणसेच असतात, त्यांना पत्र लिहिता येते आणि पत्राबरोबर पुरावा जोडावा लागतो, हे एकदा कळले की मुले इतर याद्यांकडेही निराळ्या नजरेने पाहू लागतील. घोडबंदरच्या त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले : कुणाला सांगायचे ते आता कळले आहे, काय दाखवायचे ते तू शोध.