इकोच्या सायलेन्सरमधली ‘माती’

टर्बोच्या डाउनपाइपवर लिहीन असे गेल्या आठवड्याच्या लेखात कबूल केले होते, ते पुढे ढकलतो. तलासरी तालुक्यातल्या झरीहून एका इकोवाल्यांचे पत्र आले आहे आणि त्यांचा प्रश्न असा आहे की तो बाजूला ठेवून टर्बोकडे वळणे मला जमणार नाही.

ते सकाळ-संध्याकाळ उंबरगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांची ने-आण करतात. रात्री अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा सायलेन्सर कोणीतरी काढून नेला. गॅरेजवाल्याने दुसरा जुना सायलेन्सर बसवून दिला, त्यात धूर स्वच्छ करणारी जाळी नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला आहे, पण गाडी पूर्वीपेक्षा हलकी पळते, चढाला पिकअप घेते. ‘मग कंपनीने ती जाळी घातलीच कशाला?’ असे ते विचारतात.

आधी चोरीबद्दल. इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत गेल्या काही वर्षांत अनेकदा पकडल्या गेल्या. चोरांना लोखंड नको असते, आतली ‘माती’ हवी असते. ही माती म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी फोडून केलेली भुकटी. मधाच्या पोळ्यासारख्या या चिनीमातीच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप असतो. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता. त्या वेळी सोने १,७०० डॉलरच्या घरात होते. इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली, सायलेन्सर तिथून मागे उघड्यावर, चार नट सोडले की हातात. म्हणून नेमकी इको.

आता पिकअपचे. जाळी काढल्यावर ताकद वाढते हा समज गॅरेजांत इतका पक्का आहे की गाडी मॉडिफाय करायची म्हटले की पहिला हात तिथेच पडतो. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. तिथे १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास आले आणि त्याच काळातल्या गाड्या मंद म्हणून बदनाम झाल्या. पण शिसेरहित पेट्रोलसाठी तिथल्या कंपन्यांनी कॉम्प्रेशन १९७१ पासूनच उतरवायला घेतले होते, इग्निशनही मागे सरकवले होते. ताकद तिथे गेली आणि बोल जाळीला लागला.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसेरहित पेट्रोल मात्र देशभर सगळीकडे मिळू लागायला फेब्रुवारी २००० उजाडले. मधल्या वर्षांत मुंबईची नवी गाडी महामार्गाने बाहेर पडली आणि वाटेत शिसेयुक्त पेट्रोल भरले, की शिसे त्या धातूंवर बसून जाळी निकामी होई. जाळीचे नाव खराब व्हायला आपल्याकडे हेही कारण झाले.

निरोगी जाळी किती अडवते, हे मोजता येते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. आयडलला दाब दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजार आरपीएमला तीनच्या आत असेल, तर जाळी मोकळी आहे. अशी जाळी काढून इकोच्या बाराशे सीसी इंजिनात फार तर एक-दोन हॉर्सपॉवर मिळतील, तेही वरच्या आरपीएमला, जिथे माणसे भरलेली इको क्वचितच जाते. टर्बो इंजिनाचे गणित वेगळे आहे, त्याला वेगळा लेख लागेल. आणि कानावर विसंबू नका. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळते असे वाटतेच. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात ४० वरून ७० ला जायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्याला घड्याळ लावून मोजायला सांगा.

तरीही झरीच्या या गाडीला पिकअप खरोखर वाढला असेल, असे मला वाटते. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे: सीएनजी किट बाहेरून बसवलेले, प्लग बदलायचे राहून गेले होते, आणि गॅसवर चढाला गाडी ‘मिसिंग मारायची’. किल्ली इथे आहे. मिसिंग म्हणजे सिलिंडरात न जळलेला गॅस आणि त्याच्या वाटणीची हवा, दोन्ही तशीच पुढे जातात आणि जाळीत जळतात. पेटायला जाळीला अडीचशे-तीनशे अंश पुरतात. मिसिंग चालू राहिले तर तिचे तापमान हजारावर चढते. धातूंचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, काम करणारा पृष्ठभाग घटतो. आणखी तापले की चिनीमातीच वितळते आणि भोके बुजतात. इंजिनाचा श्वास कोंडतो, गाडी चढाला दमते. चोरांनी नेली ती जाळी बहुधा अशीच चोंदलेली होती. तिच्या जागी नवी, चांगली जाळी बसवली असती तरीही गाडी इतकीच हलकी वाटली असती.

तेव्हा नवी जाळी बसवून घ्याच, पण प्लग, कॉइल आणि गॅस किटचे ट्यूनिंग आधी सुधारा. ते न करता नवी जाळी बसवाल तर तीही त्याच वाटेने जाईल.

दिवा का लागला? जाळीच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. जाळी काम करत असेल तर त्याचा सिग्नल शांत असतो. जाळी नसेल तर तो पुढच्या सेन्सरसारखाच वरखाली होतो आणि ईसीयू पी०४२० हा कोड नोंदवतो. काही गॅरेजवाले सेन्सरखाली स्पेसर लावून दिवा घालवतात. मला हे अजिबात मान्य नाही. दिवा जातो, धूर तोच राहतो. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. जाळीविना इंजिन सहसा त्याच्या वर जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरबदलामागे ५,००० रुपये दंड आहे.

दंडाहून मला काळजी वाटते ती मागे बसणाऱ्या माणसांची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. जाळी असताना त्याचा बहुतेक भाग तिथेच कार्बन डायऑक्साइड होतो. आता तो तसाच पाइपात आहे, आणि तो पाइप माणसांच्या पायाखालून जातो. जुना सायलेन्सर, नवे वेल्डिंग, गास्केट दुसऱ्याच गाडीचे. सांधा गळत असेल तर पावसाळ्यात काचा लावलेल्या गाडीत तो वायू भरू शकतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी या तक्रारी उतारूंनी केल्या तर गाडी तिथेच थांबवून सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. जाळी येईपर्यंतही, उद्याच्या फेरीआधी, थंड इंजिन सुरू करा, दुसऱ्या माणसाला टेलपाइपवर फडक्याची जाड घडी क्षणभर धरायला सांगा आणि मॅनिफोल्डपासून मागपर्यंत प्रत्येक सांध्याशी फुसफुस येते का ते ऐका. हे उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको.