मधल्या भाषेचे भाडेकरू

मीरा रोडला पूर्वेकडे उतरून शांतीनगरच्या दिशेने चालत गेलं, की नुसत्या पाट्या वाचून या शहराची कुंडली मांडता येते. १९८५ साली इथं नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. मिठागरं, भातखाचरं आणि कोळीवाडे यांच्या मधल्या जागेत वाढलेल्या या वस्तीत 'स्पोकन इंग्लिश'चे क्लास गल्लोगल्ली आहेत. परदेशी शिक्षणाच्या पाट्यांवर पूर्वी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया एवढीच नावं असायची. आता खालच्या ओळीत पोलंडही दिसतं. मुलाला तिकडे धाडायच्या विचारात असलेले आईबाप चौकशीला येतात तेव्हा फीच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतात : "तिथं इंग्रजी चालतं ना?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर ऐंशी वर्षं मागे जातं. पोलिश आणि मराठी माणसं एकमेकांच्या शेजारी राहिली, ती इंग्रजी मध्ये ठेवून. त्यांच्या घरात इंग्रजी नव्हती, आपल्याही नव्हती. दोघंही तिचे भाडेकरू. या शेजाराची गोष्ट आपण सांगतो ती राजांच्या औदार्याची म्हणून सांगतो. ते औदार्य खरंच होतं, पण त्या गोष्टीतला शाळामास्तर, आणि त्याहून जास्त शाळेतल्या बाई, आपण कायम मागच्या रांगेत बसवल्या. हा आढावा मुख्यतः त्यांच्यासाठी.

१९३९च्या सप्टेंबरात हिटलर पश्चिमेकडून पोलंडवर चालून गेला आणि सतरा तारखेला स्टॅलिनचं सैन्य पूर्वेकडून शिरलं. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना १९४० आणि ४१ साली मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात आणि उत्तरेच्या जंगलांत नेलं गेलं. त्यात शेतकरी होते, वनरक्षक होते, सैनिकांची कुटुंबं होती, आणि शिक्षकही होते. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, जुलै १९४१मध्ये लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला, आणि हे लोक सुटले. जनरल आंदर्स यांच्या सैन्यामागोमाग बायकामुलं इराणकडे निघाली. उपासमार आणि टायफसने वाटेत किती तरी गेले. उरलेल्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. काही मेक्सिकोला गेले, बरेच पूर्व आफ्रिकेला गेले, काही भारतात आले.

मुलांची पहिली तुकडी १९४२ साली आली आणि तिचा मुक्काम पडला आपल्याच पश्चिम रेल्वेवर, वांद्र्याला. मुंबईतले पोलिश कॉन्सुल जनरल बानासिन्स्की यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का पोलिश रेडक्रॉसचं काम पाहत होत्या. मुलांची व्यवस्था त्यांनी अंगावर घेतली. (बाई युद्ध संपल्यावरही भारतातच राहिल्या.) वांद्र्याहून मुलं गेली जामनगरजवळच्या बालाचडीला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी तिथं त्यांच्यासाठी छावणी उभारली होती. वांद्र्याहून जामनगर रेल्वेने गाठायचं, तर वाट आजही भाईंदरच्या खाडीवरूनच जाते. वसईकडे जाताना डबा पुलावर आला, की आपण मोबाइलमध्ये डोकं घालतो ती हीच खाडी.

बालाचडी प्रसिद्ध झाली, कारण तिथं महाराजा होता, मुलं अनाथ होती आणि गोष्ट चित्रपटासारखी होती. पण मोठी वस्ती आपल्याकडे होती. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर, शहरापासून काही मैलांवर, वळिवड्याला. १९४३च्या मध्यापासून १९४८च्या सुरुवातीपर्यंत तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे; कर्ते पुरुष एक तर आंदर्सच्या सैन्यात होते, नाहीतर जमिनीखाली. खर्च लंडनच्या पोलिश सरकारचा, जागा कोल्हापूर संस्थानातली.

वळिवडे म्हणजे तंबूंची रांग नव्हती. दगडी जोत्यावर लांबलचक चाळी, वर कौलं, भिंतींना चटया, प्रत्येक कुटुंबाला खोल्या आणि पुढे ओटी. ओटीपुढे फुलझाडं लावली जायची. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, सिनेमा दाखवला जायचा. मुंबईहून 'पोलाक व इंडियाख' म्हणजे 'भारतातला पोलिश माणूस' नावाचं नियतकालिक निघायचं. स्काउटचं काम जोरात होतं. आणि या सगळ्याच्या मध्यभागी शाळा : प्राथमिक शाळा, त्यावर माध्यमिक, शिक्षिका घडवणारा वर्ग, व्यापारी शिक्षणाचा वर्ग. पाच हजारांच्या वस्तीत एवढ्या शाळा, हे प्रमाण आज आपल्या महापालिकेलाही लाजवील.

त्या वर्गांत उभं राहणाऱ्या बाईंचं रोजचं जगणं डोळ्यांसमोर आणून पाहा. दोन वर्षांपूर्वी ती रशियात लाकडं तोडत होती. नवरा कुठल्या आघाडीवर आहे हे पत्र येईल तेव्हा कळणार. समोरच्या मुलांची मधली वर्षं कोरी गेलेली. बारा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलाच्या पुस्तकापाशी अडलेला. पुस्तकंही मोजकी. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, म्हणजे चटईच्या भिंतीला ओल. अशात तिने पोलंडचा भूगोल शिकवायचा, ज्या पोलंडचा नकाशा रोजच्या बातम्यांत बदलत होता.

बदलला तो कायमचाच. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला तीन बड्यांनी जी सीमा ठरवली, तिने पूर्व पोलंड सोव्हिएत संघात टाकला. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं नेमकी तिथली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे घरही गेलं आणि घराचा खर्च देणारं सरकारही गेलं; पुढे निर्वासितांचं काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे कारभार गेला. माझ्या मते वळिवड्याच्या शाळांतली खरी कलाटणी ही आहे. तोवर पोलिशचा तास परतीसाठी होता. आता परतायचं कुठे? इंग्रजीचा तास होता तो परीक्षेपुरता. आता तो बोटीच्या तिकिटासारखा झाला. सैन्यातल्या नवऱ्यामुलांच्या मागे ब्रिटनला जायचं, ऑस्ट्रेलियाला अर्ज करायचा, तर अर्जापासून इंग्रजीच. काही मुली त्याआधीच पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होत्या, तिथं इंग्रजीवाचून पाणीही मागता येत नसणार. इतर मुलांना ती शिकवणाऱ्या बहुतेकांची स्वतःची इंग्रजीही पुस्तकातून आलेली. भाईंदरच्या कुठल्याही क्लासमधल्या मॅडमला हे सांगायला नको.

बाजारात मात्र इंग्रजीचं काही काम नव्हतं. आजूबाजूच्या खेड्यांतून भाजी, अंडी, दूध, फळं घेऊन लोक छावणीत यायचे. अशा ठिकाणी भाषा लागते ती आकड्यांची आणि हातवाऱ्यांची, आणि ती मुलं सर्वांत आधी उचलतात. पोलिश कुटुंबं आणि कोल्हापूरकर यांच्यात सणावाराला जाणं-येणं झालं, मैत्र्या झाल्या. एक पोलिश मुलगी तर कोल्हापूरच्या मराठी घरात सून म्हणून आली आणि जन्मभर तिथंच राहिली. इंग्रजीतून हे लग्न जमलं असेल असं मला वाटत नाही.

१९४७-४८मध्ये लोक निघाले. ब्रिटनने १९४७ साली पोलिश सैनिकांना वसवण्याचा कायदा केला होता, त्यामुळे बरेच तिकडे गेले. काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही ऑस्ट्रेलियाला, थोडे पोलंडला. रिकाम्या चाळींत आले सिंधी निर्वासित. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता काढायला पश्चिम महाराष्ट्रातले लोक जिथं जातात तो होलसेल कापड बाजार एका निर्वासित वस्तीच्या जोत्यावर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या निर्वासित वस्तीत भरतो, हे गिऱ्हाइकांपैकी किती जणांना माहीत असतं? कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, दफनभूमीत त्यांची थडगी आहेत. वॉर्सॉमध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक २०१७ साली उभं राहिलं आणि ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले. फुलं वाहिली की बातमी होते. शाळांचं दप्तर कुणी पाहत नाही.

छावणीच्या बाहेरही दोन पोलिश माणसं याच काळात आपल्याकडे वावरत होती. वांदा दिनोव्स्का १९३५ साली भारतात आल्या. गांधीजींनी त्यांना उमादेवी म्हटलं. १९४४ साली त्यांनी मद्रासला पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि भारतीय साहित्य पोलिशमध्ये आणायला घेतलं. १९७१ साली म्हैसूरला त्या वारल्या. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सॉचे इंजिनिअर. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी आणि अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर गावांकडे सत्ता देणाऱ्या राज्यघटनेसाठी त्यांनी काम केलं. खुल्या तुरुंगाचा स्वतंत्रपूरचा प्रयोग त्यांच्याच कल्पनेतला, ज्यावरून शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला. पण आपल्या विषयाला जवळची गोष्ट नंतरची आहे. मुंबईत खेतवाडीच्या माडीवर निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत. फ्रीडमननी ती संभाषणं इंग्रजीत आणली आणि १९७३ साली 'आय अ‍ॅम दॅट' हे पुस्तक आलं. बोलणारा विडीचं दुकान चालवणारा मराठी माणूस, लिहिणारा पोलिश ज्यू, भाषा इंग्रजी. जगभर ते पुस्तक वाचलं जातं, आणि मराठी वाचकांतले कित्येक जण त्याच्यापाशी इंग्रजीतूनच पोचतात. ही आपली जुनी खोड.

आता उलटी वाट. १९८९नंतर पोलंडच्या शाळांतून रशियनची सक्ती गेली आणि इंग्रजीचा पूर आला. शहराशहरांत खासगी भाषाशाळा निघाल्या. ब्रिटन, अमेरिका, आयर्लंडहून तरुण शिक्षक आले. त्यांच्यातल्या अनेकांची एकमेव पात्रता म्हणजे जन्म. जाहिरातीत 'जन्मभाषिक' मागितला, की आपल्याकडचा बी.एड. झालेला, वीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस दारातच अडतो. हा अन्याय आहे, आणि तो पोलंडपुरता नाही. मुंबईतही भारतीय उच्चार 'घालवून देणारे' क्लास भारतीयच चालवतात.

तिथं राहणाऱ्याचा दिवस कसा जातो, तर थंडीपेक्षा काळोख जास्त जाणवतो. डिसेंबरात वॉर्सॉत साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो, आणि संध्याकाळच्या वर्गाला निघालेला शिक्षक रात्रीच घराबाहेर पडल्यासारखा निघतो. कुणाच्या घरी गेलं की चपला-बूट दाराशी. घरमालक पायांत घालायला सपाता पुढे करतो. अनोळखी माणसाला एकेरी हाक मारायची नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इंग्रज शिक्षक मात्र तिथंच चुकतो. २०१८पासून बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, तेव्हा तांदूळ-डाळ शनिवारीच भरून ठेवायची. शाळा १ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, गुण एक ते सहा, आणि सहा सर्वांत वरचा. शिक्षक दिन १४ ऑक्टोबरला. शालान्त परीक्षा मे महिन्यात, तिच्यात एक परकी भाषा सक्तीची. बहुतेकांची ती इंग्रजी. १ नोव्हेंबरला सगळा देश स्मशानात जातो आणि प्रत्येक थडग्यावर दिवे लावतो. दिवाळी त्या सुमारास आली तर खिडकीत पणती ठेवणाऱ्या मराठी घराकडे कुणी वळूनही पाहत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्त मांडतात, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. एकट्या राहणाऱ्या परदेशी शिक्षकाला अशा वेळी शेजारी बोलावतात. आमंत्रण इंग्रजीत येतं, आजीबाईंच्या गप्पा मात्र पोलिशमध्ये. तिथं मधली भाषा संपते.

आपल्या मुलांना एक सोय आहे, जिचा उल्लेख एजंट करत नाहीत. पोलिशमध्ये सात विभक्त्या आणि तीन लिंगं आहेत. इंग्रज माणूस हे ऐकून हबकतो. सातवीत विभक्तिप्रत्ययांचा तक्ता घोकलेल्या मराठी मुलाने हबकू नये. ज्या व्याकरणाला आपण शाळेत शिव्या दिल्या, तेच तिथं उपयोगी पडतं.

एजंटांविषयीही बोललं पाहिजे. २०२३ साली पोलंडमध्ये व्हिसा-घोटाळा बाहेर आला आणि एका उपपरराष्ट्रमंत्र्याला पदावरून जावं लागलं. मुंबईहून चित्रपटाच्या चमूचे सदस्य म्हणून भलतीच माणसं पाठवली गेल्याचं तिकडच्या वृत्तपत्रांत छापून आलं. त्यानंतर छाननी कडक झाली, आणि प्रामाणिक विद्यार्थ्याचीही फाईल जास्त वेळ पडून राहू लागली तर नवल नाही. आपल्या उपनगरांतल्या मुलांना याची किंमत मोजावी लागते, म्हणून सांगतो.

तेव्हा "तिथं इंग्रजी चालतं ना?" याचं उत्तर असं : वर्गात चालतं, आयटी कंपनीत चालतं, क्राकूफ आणि व्रोत्स्वाफच्या कॉफीच्या दुकानांत चालतं. भाडेकराराच्या कागदावर, दवाखान्यात, टपाल कचेरीत आणि शेजारणीच्या दारात अडतं. आणि कायद्यापुढे तर अजिबात चालत नाही. २०१८पासून पोलंडमध्ये युरोपीय संघाच्या दीर्घकालीन रहिवाशाचा परवाना हवा असेल, तर पोलिश भाषेचं किमान बी-१ पातळीचं ज्ञान कागदावर सिद्ध करावं लागतं. पालकांनी क्लासची चौकशी करताना हा एक प्रश्न वाढवावा : इंग्रजीबरोबर पोलिश कोण शिकवतं? मीरा-भाईंदरमध्ये तसं कुणी मिळालं नाही, तर फी भरायच्या आधी मुलाला घरीच सात विभक्त्यांपासून सुरुवात करायला सांगा.